बंब नाक्यापलीकडे जात नाही

आप्पांबरोबर बसून मी कधी गरम चहा प्यालो नाही. हॉटेलात चहा आला की दोन्ही कप ते आपल्याकडे ओढायचे. बशीत ओतायचे, फुंकायचे, परत कपात, परत बशीत. वर साय धरली की माझा कप माझ्याकडे सारायचे.

"पी आता. विझला."

जे जे म्हणून गरम, त्याच्याशी त्यांचं वैर होतं. भाकरी शिळी खायचे. हिवाळ्यात गल्लीतली माणसं शेकोटीला बसली की हे लांब उभे राहून स्वतः कुडकुडत त्या शेकोटीवर नजर ठेवायचे. लोक उठून गेले, की राखेवर तांब्याभर पाणी ओतायचे आणि मग घरी जायचे. एका लग्नात वारा सुटला म्हणून त्यांनी भर मांडवात चुलवणावर बादली रिकामी केली. वऱ्हाडाला कच्चा भात जेवावा लागला. नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला, तर हे म्हणाले, "मांडव राहिला ना? मग वरडता कायला?"

ते आमच्या गावच्या बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बंबाचे जमादार होते आणि मी त्या बंबाचा ड्रायव्हर. गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं, राज्य निजामाचं. बंब म्हणजे एक जुनी लॉरी, तिच्यावर लोखंडी टाकी, हातानं मारायचा पंप, एक लांब शिडी, दोर, पहारी आणि आकडे. आप्पांचं घर लिंगायत वाण्याचं. भावांचं भुसाराचं दुकान चांगलं चालायचं. आप्पाही आधी त्याच गादीवर बसायचे. पण बारदानावर बसून बिडी ओढणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकावर त्यांनी घागर ओतली, तेव्हा थोरल्या भावानं हात जोडले. म्हणाला, "बाबा, पाणी ओतायचं काम मिळंल तिथं जा." आप्पांनी ते खरंच केलं.

ते प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. तोंड अतिशय वाईट. पंप मारताना आमच्या आईबापांचा उद्धार करायचे, आणि आग विझल्यावर शाबासकीचा एक शब्द नाही. पितळेचा टोप मात्र चिंचेनं घासून असा चकचकीत ठेवायचे की त्यात आपलं तोंड दिसावं. तो घालून बाजारात भाजी घ्यायला जायचे. फक्त महादेवाच्या देवळात काढायचे, आणि तोही पुजाऱ्याच्या हातात द्यायचे. खाली ठेवायचे नाहीत.

आमच्यात पंपावर सगळ्यात जोरकस हात होता खाजाभाईचा. आप्पा त्याला पैलवान म्हणायचे आणि सर्वांत जास्त शिव्या त्यालाच द्यायचे. खाजाभाईची अम्मा गुडघ्यांनी अधू होती. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून ज्या झोपड्या होत्या, त्यांतल्या एकीच्या दारात ती दिवसभर बसलेली असायची. बंब तिथून गेला की ती आप्पांना हाक मारायची, "ओ जमादार, मेरे बच्चे को गाली मत दे रे! तेरे घर में माँ नै क्या?" गावात आप्पांना असं बोलणारी ती एकटीच. आप्पा सोवळ्याचे, तिच्या घरचं पाणीही घ्यायचे नाहीत. पण तिची हाक आली की तिच्या झोपडीपासून वेशीपर्यंत तोंडातून शिवी काढायचे नाहीत. वेस ओलांडली की परत सुरू.

ज्या गोष्टीवरून पुढं सगळं झालं ती ताडकळसच्या रस्त्यावर घडली. त्या बाजूला एका कडब्याच्या गंजीला आग लागली होती. आम्ही पोचेपर्यंत गंजीची राख झालेली. उरलीसुरली विझवून परत निघालो. बाजारचा दिवस होता. ओढ्याच्या वळणावर एक प्रवासी मोटार आडवी पडलेली दिसली. तेव्हा महायुद्ध चालू होतं, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागच्या अंगाला एक उभी लोखंडी भट्टी बसवलेली असायची. ती भट्टी फुटून निखारे रस्त्यावर सांडले होते. आत माणसं ओरडत होती. आणि रस्त्याच्या कडेला बाजारकरी ओळीनं उभे होते, डोक्यावरची गाठोडीसुद्धा न उतरवता. त्यांच्यात वाईट कुणी नव्हतं. हात कुठं घालावा ते कळत नव्हतं, आणि घातला तर पोलीस आपल्यालाच धरतील अशी धास्ती होती.

"थांबव," आप्पा म्हणाले.

"आप्पा, टाकीत पाणी न्हाई."

"पाणी कुणाला पायजे? शिडी काढ. पैलवान, पहार घे!"

पहारी घालून आम्ही मोटारीची एक बाजू उचलून धरली. आप्पा स्वतः पोटावर सरपटत आत गेले आणि एकेकाला बाहेर ढकलू लागले. बाहेर येणाऱ्यालाही शिव्या. "हात सोड, मेल्या! माझा गळा कायला धरतो!" शिडीवर घोंगडी टाकून तिची डोली केली आणि सगळ्यांना बंबावर घालून दवाखान्यात आणलं. एक म्हातारा वाटेत खाजाभाईच्या मांडीवर गेला. बाकीचे वाचले. डॉक्टर म्हणाले, बैलगाडीची वाट बघत बसला असता, तर यातले निम्मे आले नसते.

त्या संध्याकाळी आप्पांनी स्वतः शिडी धुतली. मग म्हणाले, "आग लागली की गाव धावतं. माणूस पडला की गाव बघतं." पुढं हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की ते सुरू झालं की आम्ही एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचो.

ही बातमी पसरली. कुठं मोटार उलटली, कुठं गाडीचं चाक कुणाच्या अंगावरून गेलं, की माणूस पळत बंबाकडे यायचा. आप्पा जायचे. बलदियाच्या कमिटीनं त्यांना बोलावलं. तहसीलदारसाहेब मधल्या खुर्चीवर आणि शेजारी जिनिंगचे मालक शेटजी. मी लॉरीचा माणूस म्हणून मागं उभा होतो.

"जमादार," शेटजी म्हणाले, "बंब कशासाठी आहे?"

"माणसं वाचवायसाठी."

"आग विझवण्यासाठी आहे. तुम्ही तिकडं ओढ्यात माणसं उचलत बसलात आणि इकडं गावात आग लागली तर?"

"अन् आमी इकडं टोप घासत बसलो, अन् तिकडं माणूस मेला तर?"

"तो गावचा माणूस आहे का? पट्टी भरतो का?"

"मरताना वरडतो तवा गावच्या माणसासारखाच वरडतो, शेटजी."

शेटजी चांगले गृहस्थ नव्हते. त्यांना गावाची नाही, आपल्या कापसाची काळजी होती. पण त्यांचा सवाल चुकीचा नव्हता, आणि हे मला तेव्हाही वाटलं होतं. गावात बंब एकच होता. आप्पांपाशी त्या सवालाचं उत्तर नव्हतं. त्यांच्यापाशी फक्त आवाज होता.

तहसीलदारसाहेबांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यांनी निवाडा दिला: आग असेल तर बंबानं कुठंही जावं, आग नसेल तर जाऊ नये.

बाहेर आल्यावर आप्पा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "डायवर, मोटारी कशावर चालतात?"

"कोळशावर."

"मग कोळशात काय असतं?"

तेव्हापासून बंबाच्या दारात एक नवाच रिवाज सुरू झाला. कुणी धापा टाकत आला की आप्पा आधी विचारायचे, "आग हाय का?"

"न्हाई आप्पा, मोटार पाण्यात गेलीय."

"नीट आठव. भट्टीतून वाफ निघाली आसंल."

"निघाली व्हती थोडी."

"तोच धूर. धूर हाय तिथं आग हाय. चला!"

काही दिवसांत गावातल्या माणसांना हे पाठ झालं. बैलगाडी उलटली तरी येणारा दारातूनच ओरडायचा, "आप्पा, आग हाय, आग हाय!" आणि आप्पा टोप चढवत गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "मोठी हाय का बारकी?" आम्ही पोट धरून हसायचो. आयुष्यातलं तेवढं एक काम मी हसत केलं. आज ते आठवलं की हसू येत नाही.

तो उन्हाळ्यातला दिवस होता, टळटळीत दुपार. पूर्णेच्या उतारावर ब्रेक निकामी होऊन मोटार खाली गेली, असा निरोप आला. आप्पांनी नेहमीचा सवाल केला, माणसानं नेहमीचं उत्तर दिलं, आणि आम्ही निघालो. त्या दिवशी तिथं खरोखरच आग नव्हती, ठिणगीसुद्धा नव्हती. एक बाई पत्र्याखाली अडकली होती. तिचा पाय सोडवायला बराच वेळ लागला. खाजाभाईनं पत्रा पाठीवर तोलून धरला होता आणि ती त्याच्या गळ्याला मिठी मारून "बाबा रे, बाबा रे" करत होती. शेवटी ती सुटली. खाजाभाईनं तिला लेकरासारखं उचलून बंबावर ठेवलं. तो घामानं न्हाला होता आणि खूश होता.

गावाजवळ आलो तेव्हा जिनिंगच्या अंगाला धूर दिसला.

आग सरकीच्या ढिगाला लागली होती. जिनिंगचा हौद कोरडा होता. मालकानं तो भरलाच नव्हता. वारा झोपड्यांकडे होता. लोकांनी विहिरीवरून घागरी आणून ओतल्या, जमेल तेवढं केलं. जे धावू शकत होते ते सगळे बाहेर पडले. खाजाभाईची अम्मा धावू शकत नव्हती. माणसांना तिची आठवण झाली तेव्हा दारातून आत जाण्यासारखं राहिलं नव्हतं.

खाजाभाई बंबावरून उतरला आणि पंप मारायला लागला. कुणी काही सांगितलं नाही. त्याला दिसत होतं. आग पुरती विझेपर्यंत त्यानं पंपाचा दांडा सोडला नाही. मग तो आत गेला आणि आप्पा त्याच्यामागून गेले. खाजाभाईनं मागं न बघता हात आडवा केला. आप्पा तिथंच थांबले.

चौकशी झाली. कोरड्या हौदाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. शेटजींचा कापूस जळाला होता, पण त्या दिवशी ते कापसाबद्दलही बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले, "मी आधीच विचारलं होतं." तेवढं पुरलं. आप्पा मान खाली घालून उभे होते. साहेबांनी खाजाभाईला पुढं बोलावलं. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस काय बोलेल त्यावर सगळं ठरणार.

साहेबांनी विचारलं, "तू ही बता. बंब को जाना चाहिए था या नहीं?"

खाजाभाई पुढं होऊन उभा राहिला. मग म्हणाला, "जिस को निकाला, वो बी किसी की माँ थी, साब. मेरी नै थी."

यातून साहेबांना काय घ्यायचं ते कळेना. त्यांनी लिहून घेणाऱ्याकडं पाहिलं, त्यानं साहेबांकडं पाहिलं. शेवटी हुकूम निघाला, साधा आणि स्वच्छ: बंब गावच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यापलीकडे जाणार नाही, आणि आग सोडून कशालाही जाणार नाही.

त्यानंतर आप्पांनी आम्हाला शिव्या देणं बंद केलं. इतकं भयाण दुसरं काही नव्हतं. "पंप साफ करा," एवढंच सांगायचे, आणि तेही खाजाभाईकडे न बघता. खाजाभाई कामावर यायचा, काम करायचा, जायचा. दोघांत बोलणं नव्हतं. आप्पा रोज सकाळी त्या जळक्या भिंतीपर्यंत जायचे आणि परत यायचे. एकदा मी बरोबर गेलो. म्हणालो, "आप्पा, तुमचा काय दोष? हौद भरलेला असता तर..."

"हौदाला काय, तो दगडाचा," आप्पा म्हणाले. "त्यानं कुणाला वाचवायचा शब्द दिला व्हता?"

असेच काही महिने गेले. मग एक दिवस सकाळी नाक्याच्या बाजूनं मोठा आवाज झाला. आम्ही तिघंही बंबाच्या दारात होतो. थोड्या वेळानं एक माणूस पळत आला; ओळखीचाच होता, नाक्याजवळ त्याची पानपट्टी होती.

"आप्पा, चला लवकर! मोटारीनं बैलगाडीला उडवलंय. गाडीवान चाकाखाली हाय!"

आप्पा स्टुलावर बसले होते. उठले नाहीत.

"नाक्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं. पण जवळच, आप्पा, हे काय, हितं!"

"आग हाय का?"

त्या माणसाचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, जुने आप्पा परत आले. "हाय, हाय! लय मोठी हाय! चला!"

आप्पांनी नाक्याकडे नजर लावली. आभाळ निरभ्र होतं. "धूर दिसत न्हाई," ते म्हणाले. "आमचा मामला न्हाई."

माणूस त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. मी किल्ली घ्यायला वळलो तर आप्पा उठून लॉरीच्या तोंडासमोर उभे राहिले. "बंब हलायचा न्हाई, डायवर. मला वलांडून ने."

खाजाभाई बंबावर चढला. त्यानं शिडी काढली, खांद्यावर घेतली, दोर घेतला आणि चालू लागला. चार पावलांवर तो धावायला लागला. मी त्याच्यामागून पळालो. वळणावरून मागं बघितलं तेव्हा आप्पा तसेच उभे होते, दोन्ही हात लॉरीच्या नाकाडावर टेकवून, जसा काही तो बंब एखाद्या जनावरासारखा सुटून पळाला असता.

गाडीवानाला काढलं. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. शिडीवर घालून, खांदे बदलत, आम्ही त्याला भर बाजारातून नेलं. तो जगला; पाय गेला. डॉक्टरांनी विचारलं, "आज बंब कुठं होता?" आम्ही सांगितलं, "आहे जागेवर."

दुसऱ्या दिवशी साहेबांकडून बोलावणं आलं. हुकूम असताना बलदियाची शिडी नाक्यापलीकडे कुणी नेली? अख्ख्या बाजारानं बघितलं होतं. शेटजी त्यांच्या पेढीवर उभे होते, त्यांनीही बघितलं होतं. खाजाभाई पुढं व्हायला लागला, एवढ्यात आप्पा म्हणाले, "मी नेली."

"तुम?" साहेब म्हणाले.

"जमादार मी हाय. शिडी माझ्या ताब्यात. मी नेली."

हे खोटं आहे हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेटजी किंचित हसले. त्यांना खाजाभाईसारखा पंपवाला नको होता, आप्पांचंच डोकं हवं होतं. त्यांनी आणि साहेबांनी ते खोटं मुकाट घेतलं. आप्पांनी टोप काढून टेबलावर ठेवला. जिथं जिथं ते खरोखर गेले तिथल्या एकाही खेपेबद्दल त्यांची नोकरी गेली नाही. जिथं ते गेले नाहीत त्या एका खेपेबद्दल गेली.

मला वाटलं, आता खाजाभाई बोलेल. बाहेर आल्यावर आप्पा व्हरांड्यात थोडे रेंगाळलेही. खाजाभाई त्यांच्यासमोरून पायऱ्या उतरून गेला.

आप्पा भावाच्या दुकानात परत बसू लागले. भावानं त्यांना गल्ल्याजवळ नाही, मागं पोत्यांजवळ जागा दिली. त्यांच्या जागी आलेला जमादार शहाणा होता. तो कुठंच जायचा नाही. बंबाचा रंग तेवढा चांगला राहिला.

निजामी गेली, त्या धामधुमीत गावातली बरीच मुसलमान घरं उठली. खाजाभाईनंही बायकोपोरांना घेऊन हैदराबादला जायचं ठरवलं. मी त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. फलाटावर आप्पा आधीच येऊन उभे होते. वाळले होते. हातात केळ्यांची फणी होती.

खाजाभाईनं सामान चढवलं, पोरांना बसवलं आणि मग खाली उतरला. आप्पांच्या समोर आला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच.

"पैलवान," आप्पा म्हणाले, "अम्माचं... माझ्यामुळं झालं. मला माफ कर."

"अम्माचा राग न्हाई माझा तुमच्यावर," खाजाभाई म्हणाला. तो शांतपणे बोलत होता. "त्या दिवशी तुमी नेलं म्हणून ती बाई वाचली. मी सोताला सांगत व्हतो, चल, एक गेली, एक राहिली. रोज सांगत व्हतो. पण नाक्यावर माणूस चाकाखाली हाय म्हणून सांगितलं, अन् तुमी बसून राहिलात." त्यानं डब्यातल्या पोरांकडे एकदा बघितलं. "तवा माझी अम्मा फुकट मेली, आप्पा."

"मी शिडीचं माझ्यावर घेतलं," आप्पा अगदी हळू म्हणाले.

"घेतलं. पण आला न्हाईत."

गार्डानं शिट्टी दिली. खाजाभाईनं केळी घेतली, वाकून आप्पांच्या हाताला हात लावला आणि डब्यात चढला. गाडी हलली. पोरांनी खिडकीतून हात हलवले, मी हलवला. आप्पा गाडीकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. तो बोलला ते खोटं आहे असं मी म्हणावं, याची वाट बघत होते. गाडी सिग्नलपलीकडे जाईपर्यंत त्यांनी वाट बघितली.

ते खोटं नव्हतं. मी म्हणालो, "चला आप्पा, ऊन लय झालं."